रक्तपेशीतले कॅल्शियम आणि चढलेला रक्तदाब



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवले. म्हणून आज त्याच शास्त्रातला एक प्रश्न घेऊन मी उभा आहे. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे, त्याच्या रक्तपेशींच्या आत कॅल्शियमही वाढलेले असते का? आणि असेल, तर ते दाबाचे कारण, दाबाचा परिणाम, की दोन्ही घडवून आणणारे तिसरेच काही आहे?

हा प्रश्न प्रयोगशाळेतला वाटतो, पण वेगळ्या वेशात तो रोज दवाखान्यात येतो. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू असते आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. घरातले कोणीतरी मोबाइलवर पाहून सांगते की ॲम्लोडिपिन हे ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ आहे. मग आजी विचारतात, ‘डॉक्टर, एका हाताने कॅल्शियम देता आणि दुसऱ्या हाताने अडवता, हे कसे काय?’ काही जणी विचारतही नाहीत, दोनपैकी एक गोळी आपल्या मनाने बंद करून टाकतात. बहुतेक वेळा बंद होते ती रक्तदाबाची. हा गैरसमज घातक आहे, आणि तो दूर करायचा तर ‘कॅल्शियम कुठले, कुठे असलेले’ हे आधी नीट पाहावे लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते. त्यातले 99 टक्के हाडांत आणि दातांत. रक्ताच्या तपासणीत आपण जे पाहतो ते उरलेल्यातला अगदी छोटा भाग, 100 मिलिलिटरमागे 9 ते 10 मिलिग्रॅम. यातले निम्मे प्रथिनांना आणि इतर रेणूंना चिकटलेले असते. उरलेले निम्मे मोकळे, आयनांच्या रूपात, म्हणजे लिटरमागे 48 मिलिग्रॅमच्या आसपास. आता पेशीच्या आत जाऊ. तिथे मोकळे कॅल्शियम किती? लिटरमागे सुमारे 4 मायक्रोग्रॅम. बाहेरच्यापेक्षा दहा-बारा हजार पटींनी कमी. मधे आहे ते जेमतेम काही अब्जांश मीटर जाडीचे एक पटल. रक्ततपासणीच्या कागदावर कॅल्शियमचा जो आकडा छापून येतो, तो पटलाच्या बाहेरचा. रक्तदाबाशी ज्याचे नाते आज आपल्याला तपासायचे आहे, ते आतले. दोघांची गल्लत झाली की पुढचे सगळेच चुकते.

पेशी आतले कॅल्शियम इतके कमी का ठेवते? कारण ती त्याचा निरोप म्हणून वापर करते. आत शांतता असेल तरच हलकासा निरोपही ऐकू जातो. हे कळण्याची सुरुवात लंडनमध्ये झाली. सिडनी रिंगर हे तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले डॉक्टर. 1882 मध्ये ते बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारांच्या पाण्यात धडधडत ठेवत होते आणि साध्या मिठाचे द्रावण त्याला पुरते असे त्यांना वाटले होते. पुढे लक्षात आले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलेच नव्हते, ते लंडनच्या नळाच्या पाण्यात केले होते. खऱ्या शुद्ध पाण्यात तेच हृदय हळूहळू थांबले, आणि चिमूटभर कॅल्शियम घालताच पुन्हा चालू लागले. 1883 मध्ये रिंगर यांनी आपलाच आधीचा निष्कर्ष जाहीरपणे दुरुस्त केला. माझ्या मते शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासात इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेले निबंध फार थोडे आहेत.

स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियम आत शिरल्याने, हे त्यानंतर अनेक दशकांत उलगडत गेले. रोहिण्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचा थर असतो. त्या स्नायूपेशीच्या पटलावरचे मार्ग उघडतात, कॅल्शियम आत येते, कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, ती जोडी एका विकराला जागे करते, आणि स्नायू आवळला जातो. रोहिणी अरुंद होते. अरुंद झाल्याचा परिणाम किती मोठा असतो, हे फ्रान्सच्या पॉझेय यांच्या नियमावरून कळते. रक्तदाब पाऱ्याच्या उंचीवर मोजण्याची पद्धत 1828 मध्ये आणणारे हेच ते डॉक्टर. नळीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बारीक रोहिणीची त्रिज्या फक्त 10 टक्क्यांनी घटली, तर विरोध 50 टक्क्यांहून जास्त वाढतो. म्हणजे भिंतीतल्या पेशींत मोकळे कॅल्शियम जरासे चढते राहिले, तरी दाब चांगलाच वाढावा.

इथवर तर्क सरळ आहे. अडचण पुढची. जिवंत माणसाच्या बारीक रोहिणीतली स्नायूपेशी काढून तिच्यातले कॅल्शियम मोजायचे कसे? रुग्णाची रोहिणी कापता येत नाही. म्हणून संशोधक त्या पेशींकडे वळले ज्या सुईने सहज मिळतात. रक्तपेशींकडे.

यातल्या तांबड्या पेशीला आधीच मोठा मान मिळाला होता. तिला केंद्रक नाही, पेशीतली इतर अंगकेही नाहीत, म्हणून पटलाचा अभ्यास करायला ती उत्तम. 1966 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे हान्स शाट्समान यांनी तांबड्या पेशींत मुद्दाम कॅल्शियम भरले आणि पाहिले, की पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर टाकते. पटलात कॅल्शियमचा पंप आहे हे त्यातून सिद्ध झाले. समुद्रात गेलेल्या होडीत फटींतून पाणी झिरपतच असते आणि कोणीतरी ते सतत उपसत असते, तसे हे काम आहे. उपसणारा मंदावला तर भोक नवे पडले नसले तरी पाणी वाढते. हा पंप लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. सोव्हिएत रशियात युरी पोस्टनोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तांबड्या पेशींवर काम करून मांडले, की उच्च रक्तदाब हा मुळात पेशीपटलाचाच व्यापक दोष असावा. रोहिणीतला दोष रक्तपेशीतही दिसावा, ही कल्पना त्यातून बळावली.

पण रक्तदाबाच्या दृष्टीने खरी आकर्षक ठरली ती प्लेटलेट. हिच्यात स्नायूसारखी आकुंचन पावणारी प्रथिने असतात. ॲड्रेनॅलिन, अँजिओटेन्सिन, व्हॅसोप्रेसिन, सेरोटोनिन या रोहिणी आवळणाऱ्या द्रव्यांचे ग्राही तिच्या पटलावर असतात. निरोप आला की तिच्यातही कॅल्शियम चढते आणि ती आकार बदलते. रोहिणीतल्या स्नायूपेशीची जागा घेऊन साक्ष द्यायला रक्तात याहून योग्य पेशी नाही.

राहिला प्रश्न मोजण्याचा. लिटरमागे 4 मायक्रोग्रॅम, तेही जिवंत पेशीच्या पोटात. तो केंब्रिजमध्ये सोडवला रॉजर त्सिएन यांनी. त्यांनी क्विन-2 नावाचे रंगद्रव्य तयार केले. कॅल्शियम चिकटले की ते अतिनील प्रकाशात जास्त चमकते. रंगद्रव्य पेशीत शिरेना, म्हणून त्यांनी त्याला एक रासायनिक आवरण चढवले. पेशीत शिरल्यावर पेशीतलीच विकरे ते आवरण काढून टाकतात आणि रंगद्रव्य आतच अडकून पडते. 1982 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशींतले मोकळे कॅल्शियम अशा रीतीने मोजून दाखवले. पुढे 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते हिरव्या चमकत्या प्रथिनासाठी, पण शरीरक्रियाशास्त्रातली माणसे त्यांना आधी ओळखत होती ती या रंगद्रव्यासाठी.

आणि 1984 मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच बाझलहून एक निबंध आला. पॉल एर्न, फ्रिट्झ ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्विन-2 वापरून प्लेटलेटमधले मोकळे कॅल्शियम मोजले. काहींचा रक्तदाब सामान्य होता, काहींचा सीमेवर, काहींचा वाढलेला. दाब जितका जास्त, तितके पेशीतले कॅल्शियम जास्त, असा जवळजवळ सरळ रेषेत बसणारा संबंध त्यांना दिसला. उपचार सुरू केल्यावर दाब उतरला आणि त्याच्याबरोबर कॅल्शियमही उतरले. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापून आले, तेव्हा वैद्यकीय जगात खळबळ उडाली. ज्या आजाराचे कारण दहातल्या नऊ रुग्णांत सापडत नाही, त्याची खूण एका रक्ताच्या नमुन्यात सापडली, असे वाटणे स्वाभाविक होते.

बाझलचे नाव आले म्हणून जाता जाता सांगतो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला, आणि 1952 मध्ये तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले ते याच बाझल शहरात, सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत. आपल्याकडच्या एका मुळीने आधुनिक रक्तदाब-उपचाराला सुरुवातीच्या काळात मोठा हात दिला, हे महाराष्ट्रात आजही फारसे सांगितले जात नाही. सांगितले गेले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे. तो निबंध मी विद्यार्थ्यांना शिकवताना नेहमी एका जागी थांबतो. त्या रुग्णांना एकच औषध दिलेले नव्हते. काहींना कॅल्शियमचा मार्ग अडवणारे दिले होते, काहींना बीटा-ब्लॉकर, काहींना लघवी वाढवणारे. तिन्ही प्रकारांत दाब उतरला आणि प्लेटलेटमधले कॅल्शियमही उतरले. शिवाय ॲम्लोडिपिनच्या जातीची औषधे स्नायूपेशीतला जो विद्युत्-संवेदी मार्ग अडवतात, त्याचे प्लेटलेटमध्ये फारसे काम नसते. मग या औषधांनी तिथले कॅल्शियम कमी कसे झाले? औषधाने थेट पेशीतले कॅल्शियम कमी केले आणि म्हणून दाब उतरला, असा क्रम मानला तर हे कोडे सुटत नाही. उलट, दाब उतरल्यावर रक्तातली संप्रेरके बदलली आणि प्लेटलेटने तो बदल टिपला, असे मानले तर सुटते. साक्षीदार खरे बोलत होता, पण त्याने पाहिले होते ते काय, हे ठरायचे होते.

दुसरी शंका मोजमापाची. प्लेटलेट फार चटकन चिडणारी पेशी आहे. सुई टोचणे, नळीत घेणे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणे, प्रत्येक पायरीवर ती जागी होऊ शकते, आणि जागी झाली की तिच्यातले कॅल्शियम वाढते. रक्त गोठू नये म्हणून नळीत सायट्रेट घालतात, आणि सायट्रेटचे कामच कॅल्शियम पकडणे! म्हणजे जे मोजायचे त्याच्याच भोवतालचे कॅल्शियम आधी काढून घ्यायचे आणि मग प्रयोगाच्या वेळी परत घालायचे. क्विन-2 पेशीत इतक्या प्रमाणात भरावे लागे की ते स्वतःच कॅल्शियम धरून ठेवी. 1985 मध्ये त्सिएन यांच्याच गटाने फ्युरा-2 हे कितीतरी उजळ रंगद्रव्य आणले. नव्या रंगद्रव्यांनी इतर प्रयोगशाळांनी मोजले तेव्हा काहींना फरक दिसला, काहींना थोडासा दिसला, काहींना दिसलाच नाही. बाझलसारखी रेखीव सरळ रेषा पुन्हा फारशी कोणाला मिळाली नाही. म्हणूनच प्लेटलेटमधले कॅल्शियम मोजून रक्तदाबाचे निदान करणारी तपासणी आज कुठेही रूढ नाही. कोणी अशी तपासणी विकत असेल, तर ती घेऊ नका.

पण म्हणून तो सगळा खटाटोप वाया गेला, असे मी मानत नाही. 1987 मध्ये लिंडनर आणि सहकाऱ्यांनी एक फार सुंदर उलटतपासणी केली. त्यांनी निरोगी माणसांच्या प्लेटलेट घेतल्या आणि त्या उच्च रक्तदाब असलेल्यांच्या रक्तद्रवात ठेवल्या. निरोगी पेशींतले कॅल्शियम वाढले! म्हणजे दोष पेशीत असो वा नसो, रक्तद्रवात फिरणारे काहीतरी पेशीला तसे वागायला लावत होते. याच्या आधी दहा वर्षे, 1977 मध्ये, मॉर्डेकाय ब्लाउस्टाइन यांनी अशा एका घटकाची कल्पना मांडली होती. मीठ जास्त झाले आणि मूत्रपिंड ते पुरेसे बाहेर टाकू शकले नाही, की शरीर सोडियमचा पंप मंद करणारे एक द्रव्य सोडते. पंप मंदावला की पेशीत सोडियम साठते. सोडियम आणि कॅल्शियम यांची अदलाबदल करणारी एक यंत्रणा पटलात असते. आतले सोडियम वाढले की कॅल्शियम बाहेर जाणे घटते, आत येणे वाढते, आणि रोहिणी आवळते. त्या फिरत्या द्रव्याची नेमकी ओळख अजून वादात आहे. पण अदलाबदलीच्या यंत्रणेबद्दलचे म्हणणे 2004 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले. रोहिणीच्या स्नायूत ती यंत्रणा वाढवली तर मिठाने दाब अधिक चढतो, तिला रोखले तर उतरतो. लोणचे, पापड, मीठ लावलेले मासे यांविषयी डॉक्टर इतके का बोलतात, त्याचे एक उत्तर या साखळीत आहे.

आणि आता तो पंप. 2009 मध्ये हजारो माणसांचे जनुकसंच तपासून रक्तदाबाशी निगडित जागा शोधणारे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. युरोपीय वंशाच्या लोकांत आणि कोरियात, दोन्हीकडे, ठळकपणे वर आलेल्या जागांपैकी एक होती एटीपी2बी1. हे जनुक काय तयार करते? पेशीपटलातला कॅल्शियमचा पंप. शाट्समान यांनी तांबड्या पेशीत जो शोधला, त्याच कुळातला. पुढे जपानमध्ये उंदरांच्या रोहिण्यांच्या स्नायूंतून हे जनुक काढले, तेव्हा त्या पेशींतले कॅल्शियम वाढले आणि उंदरांचा रक्तदाबही वाढला. एका जनुकाच्या एका फरकाने माणसात दाब बदलतो तो मिलिमीटरभर, फार नाही. उच्च रक्तदाब असा अनेक छोट्या कारणांनी घडतो. पण कारण आणि परिणाम यांचा क्रम इथे उलटा लावता येत नाही, कारण जनुक जन्मापासूनचे असते, दाब नंतर चढतो. बाझलच्या संशोधकांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर प्लेटलेटमध्ये अर्धवट होते, रोहिणीच्या भिंतीत पूर्ण होते.

औषधे मात्र या उत्तराची वाट पाहत थांबली नव्हती. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांना 1964 मध्ये दिसले, की व्हेरापामिलसारखी द्रव्ये दिली तर हृदयस्नायू कॅल्शियम काढून घेतल्यासारखा वागतो, आणि कॅल्शियम वाढवले की पूर्ववत होतो. त्या धाग्यावरून कॅल्शियम-विरोधी औषधांचे घराणे उभे राहिले. सुरुवातीला ती छातीतल्या कळेसाठी, नंतर रक्तदाबासाठी. ॲम्लोडिपिन याच घराण्यातले. ते शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून दिवसातून एकदाच घ्यावे लागते. 2017 च्या अखेरीस ज्या पाच राज्यांत राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता, आणि सरकारी दवाखान्यांत ठरवून दिलेल्या उपचारक्रमात बहुतेक ठिकाणी पहिली गोळी हीच आहे. काहींच्या पायांवर तिने सूज येते. बारीक रोहिण्या सैल झाल्याने ती येते. तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडले असे समजून गोळी टाकून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा औषध बदलता येते.

म्हणजे आजींना उत्तर काय? ॲम्लोडिपिन अडवते ते रोहिणीच्या स्नायूपेशीचे दार. हाडांपर्यंत जाणारे कॅल्शियम ते अडवत नाही, रक्तातल्या आकड्याला हात लावत नाही. दोन्ही गोळ्या एकत्र चालतात. सावध राहायचे ते दुसऱ्या जोडीबाबत. थायझाइड जातीचे लघवी वाढवणारे औषध लघवीतून जाणारे कॅल्शियम कमी करते. त्याच्या जोडीला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरपूर घेतले, तर रक्तातले कॅल्शियम खरोखर वाढू शकते. आणि रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम वारंवार जास्त येत असेल, तर पॅराथायरॉइड ग्रंथी तपासायला हव्यात. त्या ग्रंथींच्या आजारात रक्तदाबही वाढलेला आढळतो.

आणखी एक गाठ सोडवायची आहे. पेशीतले जास्त कॅल्शियम दाब वाढवते, तर आहारातले कॅल्शियम कमी केल्याने दाब उतरायला हवा, असे कोणालाही वाटेल. घडते उलटे. अमेरिकेतल्या ऑरेगन इथल्या डेव्हिड मॅकॅरन यांनी 1984 मध्येच, म्हणजे बाझलच्या निबंधाच्याच वर्षी, दहा हजारांहून अधिक लोकांच्या राष्ट्रीय आहार-पाहणीवरून दाखवले, की ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी, त्यांच्यात उच्च रक्तदाब अधिक. लॉरेन्स रेझनिक यांनी याचा अर्थ असा लावला: बाहेरून कॅल्शियम कमी पडले की पॅराथायरॉइडचे संप्रेरक आणि सक्रिय ड जीवनसत्त्व वाढते, आणि हीच संप्रेरके पेशीत कॅल्शियम जास्त शिरवतात. मला हे स्पष्टीकरण पटण्यासारखे वाटते, पण त्याच्या जोरावर सगळ्यांना गोळ्या वाटाव्यात असे नाही. सामान्य दाब असलेल्यांना कॅल्शियम देऊन केलेल्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर वरचा आकडा सुमारे दीड मिलिमीटरने उतरतो. अमेरिकेतल्या 1997 च्या डॅश चाचणीत फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही असलेल्या आहाराने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा आकडा 11 मिलिमीटरहून अधिक उतरला होता. ते यश एकट्या कॅल्शियमचे नव्हते.

एका गटासाठी मात्र आहारातले कॅल्शियम जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकते. गरोदर स्त्रिया. होसे बेलिसान आणि होसे व्हियार यांनी 1980 मध्ये ग्वाटेमालाच्या माया स्त्रियांकडे लक्ष वेधले. त्या गरीब होत्या, तरी त्यांच्यात गरोदरपणातल्या झटक्यांचे प्रमाण कमी होते. त्यांचा मका चुन्याच्या पाण्यात भिजवलेला असे, आणि त्यातून भरपूर कॅल्शियम पोटात जाई. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह अनेक देशांत आठ हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी घेतली. 2006 मध्ये निकाल आला: गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकाराचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, पण त्याची तीव्र, जीव घेणारी रूपे घटली. आपल्याकडे 2014 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या जातात. त्या जेवणासोबत घ्यायच्या, आणि लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही, कारण कॅल्शियम लोह शोषू देत नाही. कोकणातल्या बाईने नाचणीची भाकरी खाल्ली तर 100 ग्रॅम पिठामागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते, हेही तिला सांगायला हवे.

2024 च्या जानेवारीत बंगळुरू आणि टांझानिया इथल्या दोन चाचण्यांचे निकाल आले, प्रत्येकीत अकरा-अकरा हजार स्त्रिया. गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकाराला आळा घालण्यात रोजचे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम हे 1500 मिलिग्रॅमपेक्षा कमी पडले नाही. मुदतीआधी होणाऱ्या प्रसूतीबाबत टांझानियातला निष्कर्ष तितका स्पष्ट नव्हता, बंगळुरूचा होता. याचा गावपातळीवरचा अर्थ असा, की जागतिक संघटना सांगते त्या तीन-चार गोळ्यांऐवजी एकच गोळी पुरेल. आशाताईंना ती पोहोचवणे सोपे होईल, आणि मळमळीने हैराण झालेल्या बाईला ती गिळणेही.